पाच रुपयांचा पुडा

जुलै २०२५ मध्ये समोसा-जिलबीवरून आपल्याकडे जो गदारोळ झाला, तो मी इंग्लंडमध्ये बसून पाहत होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांना एक पत्र पाठवलं होतं. उपाहारगृहात, बैठकीच्या खोलीत, येण्याजाण्याच्या जागी, कोणत्या पदार्थात किती तेल आणि किती साखर आहे हे सांगणारे फलक लावा, एवढंच त्यात होतं. नागपूरच्या एम्सचं नाव बातमीत आलं आणि बघता बघता त्याचं ‘समोशावर सिगारेटसारखा इशारा’ झालं. मग १५ जुलैला सरकारला खुलासा करावा लागला की विक्रेत्यांच्या पदार्थांवर कसलाही इशारा छापायला आम्ही सांगितलेलं नाही आणि भारतीय पदार्थांवर आमचा रोख नाही. वाहिन्यांपुरतं प्रकरण तिथे मिटलं. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र वाद पेटलेलाच राहिला. एका बाजूचं म्हणणं, पिढ्यान् पिढ्या आपण हे खात आलोय, आजोबांना काय झालं? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, लोकांचा जिभेवर ताबा नाही, त्याला सरकार काय करणार?

वरवर पाहता ही दोन टोकं आहेत. पण वजन वाढणं ही ज्याच्या त्याच्या तोंडाची गोष्ट आहे, हे दोघांनीही धरूनच चाललेलं असतं. माझा विरोध आहे तो याला.

मी लेस्टरमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. एकेका माणसाला समोर बसवून काय खा, किती खा हे सांगायचं, यावर माझं घर चालतं. या कामाचा मला अभिमान आहे. सल्ल्याने आणि चिकाटीने एका माणसाचं वजन उतरतं, साखर आटोक्यात येते, गोळ्या कमी होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. पण शहराचं वजन असं उतरत नाही. दुकानात काय, कोणत्या भावाला आणि कोणत्या फळीवर मांडलंय, कर कशावर जास्त आणि कशावर कमी, शाळेच्या फाटकाबाहेर काय विकायला बसतं, शहराचं वजन यावर ठरतं. ब्रिटनला हे कळायला जवळजवळ तीस वर्षं लागली. आपण ती तीस वर्षं पहिल्यापासून घालवायला निघालोय, आणि आपल्याकडे तेवढा वेळ नाही.

वेळ का नाही, हे आधी सांगते, कारण घरच्या वादात हा मुद्दा कुणीच काढत नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला एक फोटो छापून आला. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. पुण्याकडची बाळं सगळ्याच बाबतींत लहान होती, पण स्नायू फार कमी आणि कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकलेली. हडकुळं दिसणारं बाळ आतून चरबीचं! आईच्या पोटात असल्यापासूनच आपली सुरुवात अशी वेगळी होते.

पुढे इंग्लंडमधल्या चौदा लाखांहून जास्त लोकांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०२१ मध्ये एक निष्कर्ष निघाला. गोऱ्या माणसाला बीएमआय ३० ला पोहोचल्यावर टाइप-२ डायबेटीसचा जेवढा धोका असतो, तेवढाच धोका दक्षिण आशियाई माणसाला २३.९ लाच असतो. माझ्या समोर रोज जे काका-मावशी बसतात, गुजराती, पंजाबी, अधूनमधून मराठीही, त्यांच्यात हे डोळ्यांना दिसतं. हातपाय काटकुळे, शर्ट खांद्यावर ढगळ, आणि पोट तेवढं पुढे. एक काका मला म्हणाले, “मॅडम, मी कुठल्या बाजूने लठ्ठ दिसतो तुम्हाला? माझ्या शेजारचा गोरा माझ्या दुप्पट आहे, त्याला काही नाही.” त्यांचं खरं होतं. त्यांचा बीएमआय २४ होता आणि डायबेटीस होऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणून मी वजनकाट्याआधी टेप काढते. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा, हा इथल्या आरोग्य यंत्रणेचा साधा हिशेब आहे आणि तो आपल्या लोकांना चपखल लागू पडतो.

आता हेच देशाच्या पातळीवर पाहा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटीस आहे आणि प्रौढांपैकी ३९.५ टक्के लोकांचं पोट सुटलेलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीएमआय २५ च्या वर असलेल्या स्त्रियांचं प्रमाण चार-पाच वर्षांत २०.६ वरून २४ टक्क्यांवर गेलं, पुरुषांचं १८.९ वरून २२.९ वर. ‘अमेरिकेएवढे लठ्ठ आपण अजून झालेलो नाही’ असं म्हणून कुणी निश्चिंत होत असेल, तर त्याने हे लक्षात घ्यावं की आपल्याला आजारी पडायला अमेरिकेएवढं लठ्ठ व्हावंच लागत नाही.

ब्रिटनने तीस वर्षं काय केलं, तेही सांगते. १९९२ मध्ये इथल्या सरकारने आरोग्याचं एक धोरण जाहीर केलं. २००५ पर्यंत लठ्ठ पुरुषांचं प्रमाण ६ टक्क्यांवर आणि स्त्रियांचं ८ टक्क्यांवर आणायचं, असं त्यात ठरवलं होतं. २००५ उजाडलं तेव्हा ते प्रमाण २२-२४ टक्क्यांच्या घरात होतं. मधल्या काळात धोरणांची काही कमी नव्हती. केंब्रिजच्या दोन संशोधकांनी १९९२ ते २०२० मधली इंग्लंडची सगळी सरकारी धोरणं काढून मोजली. १४ वेगवेगळ्या योजना, त्यांत ६८९ उपाय! त्यांतले बहुतेक उपाय एकाच गोष्टीवर उभे होते: लोकांना माहिती द्या, आवाहन करा, प्रोत्साहन द्या, म्हणजे लोक आपणहून बदलतील. भाज्या खा, चाला, जिने चढा. २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या प्रौढांपैकी २९ टक्के लठ्ठ होते. १९९३ मध्ये हेच प्रमाण १५ टक्के होतं. तीस वर्षांत इंग्रज माणसाचा संयम निम्म्यावर आला, असं कुणी म्हणू शकेल का? माणसं तीच होती, त्यांच्या भोवतालचं अन्न बदललं.

लंडनच्या जेफ्री रोज या साथरोगतज्ज्ञांनी १९८५ मध्ये हा फरक फार स्वच्छ मांडला होता. हाच माणूस आजारी का पडला, हा एक प्रश्न. या समाजात इतके लोक आजारी का पडतात, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर त्या माणसाच्या अनुवंशात, सवयींत, स्वभावात सापडेल. दुसऱ्याचं उत्तर तिथे सापडत नाही, कारण ज्या गोष्टीचा परिणाम सगळ्यांवरच होतो ती एका माणसाला तपासून दिसत नाही. आणि रोज यांचं पुढचं म्हणणं तर मला आजही सगळ्यात मोलाचं वाटतं. टोकाच्या थोड्या लोकांवर खूप उपचार करण्यापेक्षा सगळ्या समाजाची सरासरी किंचित सरकवली, तर त्यातून वाचणारे लोक कितीतरी जास्त असतात.

मागच्या खेपेला मिरजेला गेले होते तेव्हा याचा अर्थ नव्याने समजला. भाचा पाचवीत आहे. त्याच्या शाळेच्या फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे ओळीने तीन दुकानं. वही-पेन मागायला गेलं तर आधी डोक्याला पुड्यांच्या माळा लागतात. लाल, निळे, पिवळे, चकचकीत, सगळे पाच नि दहा रुपयांचे. काउंटरवर प्लॅस्टिकच्या बरण्यांत चॉकलेटं, खाली बर्फाच्या पेटीत दहा-वीस रुपयांच्या गोड पेयांच्या बाटल्या. केळीवाला त्या रस्त्यावर आहे, पण तो चौकात, बसथांब्याजवळ. मधल्या सुट्टीत तिथवर मुलं जात नाहीत. मी एक पुडा उलटून मागचा तक्ता वाचायचा प्रयत्न केला. चष्मा लावूनही अक्षरं लागत नव्हती, आणि होती ती इंग्रजीत. मी वहिनीला म्हटलं, याला रोज दहा रुपये देऊ नकोस. ती शांतपणे म्हणाली, “ताई, डब्यातली पोळीभाजी तशीच परत येते हो. मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या हातात पुडा असतो. ह्याला एकट्याला नाही कसं म्हणू?”

वहिनी शिकलेली आहे, घरात तेल मोजून वापरते, मुलगा लठ्ठ होऊ नये म्हणून तिचा जीव तुटतो. तिला फलक दाखवून काय नवीन सांगणार? ‘सगळ्यांच्या हातात असतो’ यातच सगळं आलं. सगळ्यांच्या हातातून तो पुडा एकटी आई काढू शकत नाही.

ब्रिटनमध्ये ज्या एका गोष्टीने खरोखर फरक पडला, ती नेमकी याच जागी घाव घालणारी होती. मार्च २०१६ च्या अर्थसंकल्पात साखरेच्या शीतपेयांवर आकारणी जाहीर झाली आणि एप्रिल २०१८ पासून लागू झाली. तिची सुरुवातीची रचना हुशारीची होती. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काहीच नाही, ५ ते ८ ग्रॅम असेल तर लिटरला १८ पेन्स, ८ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर २४ पेन्स. म्हणजे कर ग्राहकाला शिक्षा म्हणून नव्हताच. कंपनीने साखर कमी करावी म्हणून तो होता, आणि त्यासाठी तिला दोन वर्षांची मुदत मिळाली होती. बहुतेक कंपन्यांनी कर भरण्याऐवजी पाककृती बदलल्या. स्कॉटलंडचं लाडकं पेय आयर्न-ब्रू १०.३ ग्रॅमवरून ४.७ वर आलं; जुन्या चवीच्या बाटल्या लोकांनी साठवून ठेवल्या, आरडाओरडा झाला, मग शांत झालं. २०१५ ते २०२० या काळात या आकारणीखाली येणाऱ्या पेयांमधली साखर सुमारे ४६ टक्क्यांनी घटली. त्याच काळात बिस्किटं, केक, चॉकलेटं, दही वगैरेंमधली साखर कंपन्यांनी स्वेच्छेने २० टक्क्यांनी कमी करावी, असंही सरकारने सांगितलं होतं. ती किती घटली? ३.५ टक्के. कायदा आणि विनंती यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? केंब्रिजच्याच संशोधकांनी नंतर दाखवलं की दहा-अकरा वर्षांच्या मुलींमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण आकारणीमुळे अपेक्षेपेक्षा ८ टक्क्यांनी कमी राहिलं, म्हणजे वर्षाला सुमारे ५,००० मुली त्यातून वाचल्या असाव्यात. मुलांमध्ये असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

त्यानंतर इतर पावलंही पडली, काही उशिरा, काही अडखळत. २०१९ मध्ये लंडनच्या बस-रेल्वेवर जास्त चरबी, साखर, मीठ असलेल्या पदार्थांच्या जाहिराती बंद झाल्या, आणि त्या शहरातल्या घरांमध्ये अशा पदार्थांची खरेदी दर आठवड्याला सुमारे हजार कॅलरींनी अपेक्षेपेक्षा कमी राहिली. ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांत बिल करायच्या जागेजवळ नि दाराजवळ चॉकलेटं-वेफर्स ठेवता येत नाहीत. जानेवारी २०२६ पासून टीव्हीवर रात्री नऊच्या आधी अशा पदार्थांच्या जाहिराती दाखवता येत नाहीत. मुलाला ट्रॉलीत बसवून पैसे द्यायच्या रांगेत उभं राहणाऱ्या आईला विचारा, हातापाशी चॉकलेटची फळी नसणं म्हणजे काय सुख असतं ते.

म्हणून इंग्लंड हा आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. इथे सगळ्यात गरीब वस्त्यांमधल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ ३० टक्के लठ्ठ आहेत, सगळ्यात सुखवस्तू वस्त्यांमध्ये १३ टक्के. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांना मांडणीचे नियम लागू नाहीत, आणि गरीब वस्तीत दुकान असतं ते तेच. एका कॅलरीचा हिशेब केला तर सकस अन्न इथे इतर अन्नाच्या दुपटीहून महाग पडतं. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी मला सरळ विचारलं होतं, दोन पौंडांत चार पोरांची पोटं भाजीने कशी भरायची? माझ्या माहितीपत्रकात त्याचं उत्तर नव्हतं. लठ्ठपणा ही खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची व्याधी, हा आपल्याकडचा समज इथे कधीच उलटा झालाय, आणि आपल्या शहरांतही तो झपाट्याने उलटा होतोय.

आता आपल्याकडे येऊ. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून तेल १० टक्के कमी वापरा असं आवाहन केलं आणि दहा नामवंतांना ते पुढे न्यायला सांगितलं. देशाचा पंतप्रधान लठ्ठपणाबद्दल बोलतो ही मोठी गोष्ट आहे, आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. आयसीएमआर माणशी वर्षाला १२ किलो तेल पुरे म्हणते, आपण २० किलोच्या आसपास वापरतो. पण त्याच वर्षी मे महिन्यात कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं गेलं. महागाई आटोक्यात ठेवायला ते केलं असेल, त्यामागची अडचण मी समजू शकते. पण गृहिणीला कढईत चमचाभर तेल कमी घाल म्हणायचं आणि पामतेल कारखान्याला स्वस्त करून द्यायचं, यात चमचा हरणार हे ठरलेलंच. घरच्या कढईतलं तेल दिसतं तरी. पुड्यातलं, खारीतलं, हॉटेलातल्या ग्रेव्हीतलं तेल कोण मोजणार?

जीएसटीचं तर मला खरोखर दुःख झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले. शीतपेयांवर ४० टक्के कर लागला म्हणून आरोग्याच्या बाजूने निर्णय झाल्यासारखं वाटलं. पण आधीही २८ टक्के जीएसटी आणि १२ टक्के उपकर मिळून ४० टक्केच होते. शिवाय हा कर साखर किती आहे ते पाहतच नाही. कमी साखरेच्या, बिनसाखरेच्या आणि साखरेने ओथंबलेल्या बाटलीला एकच दर. मग कंपनीने साखर कमी का करावी? ब्रिटनच्या आकारणीचा सगळा जीव ज्या पायऱ्यांमध्ये होता, त्या पायऱ्याच आपल्याकडे नाहीत. आणि त्याच दिवशी बिस्किटं, फरसाण, चॉकलेट, आइस्क्रीम, नूडल्स यांच्यावरचा कर १२-१८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्या देशाला आपण सतत नावं ठेवतो, त्या इंग्लंडमध्ये भाजी, दूध, ब्रेड, पीठ यांवर व्हॅट शून्य आहे आणि चॉकलेट, वेफर्स, आइस्क्रीमवर २० टक्के. करामध्ये एवढी साधी दिशा असायला काय हरकत आहे? शाळेसमोरचा पाच रुपयांचा पुडा पाच रुपयांनाच राहिला. कर घटल्यावर कंपन्यांनी त्यात ग्रॅम वाढवले. म्हणजे मुलाच्या हातात त्याच नाण्यात थोडं जास्त मीठ आणि थोडं जास्त पामतेल.

पाकिटाच्या दर्शनी बाजूला इशारा छापायचा वादही असाच रेंगाळलाय. सप्टेंबर २०२२ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, एक मसुदा काढला, त्यात पदार्थाला अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे द्यायची कल्पना होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तीन महिन्यांत निर्णयाच्या दिशेने पुढे जायला सांगितलं, मग आणखी मुदत दिली. मला ताऱ्यांची कल्पना मुळातच पटत नाही. तारा हे बक्षीस आहे. शाळेत वहीवर बाई तारा देतात. खारट वेफर्सच्या पुड्याला दीड तारा मिळाला तरी मुलाला त्यात तारा दिसणार. शिवाय थोडे काजू-बदाम घालून साखरेचा दोष ताऱ्यांच्या हिशेबात झाकता येतो. चिलीने २०१६ पासून काळा अष्टकोन छापायला लावला, त्यात सरळ शब्दांत: साखर जास्त, मीठ जास्त, कॅलरी जास्त. मुलांच्या नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यांवरून कार्टून काढायला लावली. पहिल्या दीड वर्षात तिथे जास्त साखरेच्या पेयांची खरेदी साधारण २४ टक्क्यांनी घटली. आपल्याकडे तो इशारा मराठीत, तमिळमध्ये, बंगालीत हवा, किंवा असा की अक्षरओळख नसलेल्या आजीलाही नातवाच्या हातातला पुडा पाहून कळावं.

‘आधी कुपोषण हटवा, लठ्ठपणा श्रीमंतांचा प्रश्न’ असं म्हणणारे माझे मित्र आहेत, आणि ते तळमळीने म्हणतात. देशातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुरटलेली आहेत, त्यामुळे त्यांचा राग मला समजतो. पण पुण्याच्या बाळांनी हे दोन प्रश्न वेगळे नाहीत हे दाखवून दिलंय. पोटात असताना उपाशी राहिलेलं बाळ पुढे स्वस्त, गोड, तेलकट अन्नाच्या जगात वाढतं, तेव्हा पस्तिशी-चाळिशीतच त्याची साखर वाढलेली असते. म्हणून गरोदर बाईच्या ताटातली डाळ आणि शाळेतल्या मुलाचं अंडं हा लठ्ठपणा रोखण्याचाच कार्यक्रम आहे. महाराष्ट्राने २०२३ च्या अखेरीस शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायला सुरुवात केली होती. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. वर्षाला ५० कोटींचा खर्च होता तो! कोणाला अंडं चालतं, कोणाला नाही यावर राजकारण झालं आणि ज्या पोराला आठवड्यातून एकदा चांगलं प्रथिन मिळत होतं त्याच्या ताटातून ते गेलं. मधल्या सुट्टीत ते पोर कुठे जाणार, हे वर सांगितलंच आहे.

आणि वडापावची गाडी? मी तिच्या बाजूने आहे. गाडीवाल्याला नोटीस पाठवून कुठलाही देश सडपातळ झालेला नाही, आणि तो रोजच्या रोज ताजं करून विकतो. एफएसएसएआयचे २०२० चे नियम आहेत की शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ मुलांना विकायचे नाहीत. ते नियम अमलात आणताना गाडीवाला आधी सापडेल आणि पुड्यांच्या माळा तशाच लटकत राहतील, ही माझी भीती आहे. त्याला जागा बदलायला मदत करावी, फळं-भुईमूग-उकडलेलं अंडं-उसळ विकायला भांडवल द्यावं. पुड्यांचं उत्पादन कारखान्यात होतं, आणि कारखान्याला कायदा लावणं सोपं असतं.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची आपल्याकडे सध्या फार चर्चा आहे. ज्यांना गरज आहे त्यांना ती जरूर मिळावीत; माझ्या काही रुग्णांचं आयुष्य त्यांनी बदललंय. पण ब्रिटनसारख्या देशालाही सुरुवातीला ती सरकारी खर्चाने फक्त सगळ्यात जड आणि सगळ्यात आजारी लोकांपुरतीच देता आली. दहा-बारा वर्षांच्या कोट्यवधी मुलांसाठी तो मार्ग नाही.

राहता राहिला साखरेचा प्रश्न, आणि तो आम्हा सांगली-कोल्हापूरच्या लोकांना टाळता येत नाही. आमच्या घरचा ऊस कारखान्याला जातो. माझं शिक्षण त्या बिलांवर झालं. साखरेवर कर म्हटलं की गावाकडे लगेच प्रश्न येतो, आमच्या पोटावर पाय देणार का? हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. पण देशात खपणाऱ्या साखरेतला निम्म्याहून मोठा वाटा घराघरांतल्या चहा-शिऱ्यात जात नाही. तो शीतपेयं, बिस्किटं, मिठाई करणाऱ्यांकडे जातो. शेतकऱ्याला भाव कमी मिळतो तो मुलांनी कमी साखर खाल्ल्यामुळे नाही. आणि आता कारखान्यांना इथेनॉलचा रस्ता मिळालाय, साखर खपवण्यावरच सगळं अवलंबून राहिलेलं नाही. ग्रॅमनुसार पायऱ्या असलेला कर लावला आणि त्यातून येणारा पैसा राज्यांना शाळेच्या ताटासाठी बांधून दिला, तर अंड्याचे ५० कोटी कुठून आणायचे हा प्रश्नच उरणार नाही. जीएसटी परिषदेत दोन तृतीयांश मतं राज्यांची आहेत. केंद्र एकटं काही ठरवत नाही. महाराष्ट्राने हा प्रस्ताव तिथे मांडावा असं मला वाटतं, आणि मांडावा तो सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगरच्या आमदार-खासदारांनी आधी आपल्या माणसांशी बोलून. ऊस पिकवणारं राज्यच साखरेवर असा कर मागतंय म्हटल्यावर, शेत न पाहिलेल्या लोकांचा हा सल्ला आहे, असं तरी कुणाला म्हणता येणार नाही.